तेवीस अक्षरं

धाकटी जाऊ लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा मी बँकेत गेले होते. परत आले तर ती माझ्या खुर्चीवर बसून टाइप करत होती. तेही दोन बोटांनी. दाबत होती इंग्रजी अक्षरं आणि पडद्यावर उमटत होतं मराठी. मला बघून ती उठली, हसली आणि म्हणाली, "ताई, बघा ना, किती सोपं झालंय आता." मी म्हणाले, "असलं पोरखेळाचं टायपिंग आमच्या वेळी नव्हतं." बोलून मी खुर्चीवर बसले. खुर्ची गरम होती. त्या गरम खुर्चीचा मला आला तेवढा राग सवतीचाही कुणाला येत नसेल.

ती खुर्ची मी मिळवली होती. जुन्नरला माहेरी असताना टायपिंगच्या क्लासला जायचे. टाइपरायटरची बटणं एवढी जड, की संध्याकाळी करंगळ्या दुखायच्या. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिली, चाळीसची दिली, दोन्ही पास. लग्न होऊन ओतूरला आले, तेव्हा स्टँडसमोर यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. शहाण्णव साली आम्ही कॉम्प्युटर घेतला. तेव्हापासून बाजारपेठेत माझी ओळख एकच, 'कॉम्प्युटरवाल्या ताई'. माझं खरं नाव विचारायची कुणाला गरज पडली नाही आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही.

लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, सोसायटीचे अहवाल, काय नाही केलं! आमचं घर बौद्ध. आमच्याकडच्या पत्रिकेवर 'मंगल परिणय' छापतात, बाकीच्यांच्या पत्रिकेवर 'शुभविवाह' आणि वर त्यांचे देव. कुणाचं कुलदैवत कुठलं, भावकीत कुणाचं नाव कुणाच्या आधी यायला हवं, हे गिऱ्हाइकांनी सांगायच्या आत मला माहीत असायचं. एका घरच्या पत्रिकेत मी धाकट्या चुलत्याचं नाव थोरल्याच्या आधी घातलं होतं. त्या मांडवात जे झालं ते ऐकल्यापासून मी सगळ्या गावांची भावकी पाठ केली.

त्या वेळच्या मराठी फाँटचं काम आता कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. कॉम्प्युटरला मराठी येतच नव्हतं. त्याच्या लेखी ती सगळी परदेशी अक्षरं होती. कुणाच्या डोक्यावर टोपी, कुणाच्या दोन टिंबं, कुणाच्या खाली शेपटी. फाँट बनवणाऱ्या कंपनीनं त्यांच्यावर मराठीचं सोंग चढवलं होतं. टोपीवाल्या अक्षराचा जो नंबर, त्या नंबरावर आपला अर्धा श. शेपटीवाल्याच्या नंबरावर रफार. अशी शंभरएक अक्षरं बटणांवर मावायची नाहीत. मग ऑल्टचं बटण धरून नंबर मारायचा, शून्य-दोन-एक-सात, की अक्षर आलं. नंबरांचा तक्ता मी पडद्याशेजारी चिकटवला होता. सहा महिन्यांत सगळे पाठ झाले आणि तक्ता काढून टाकला. पाठ झाले म्हणून काढला हे खरं, पण दुसऱ्या कुणी बघून शिकू नये म्हणूनही काढला.

आणि काही अक्षरं तर त्या फाँटात नव्हतीच. काही जोडाक्षरं नव्हती, काहींचे नुसते तुकडे होते. ती मी बनवली. एक तुकडा इकडचा, एक तिकडचा, मधलं अंतर उणे करून एकावर एक चढवायचे. एकदा तर स्वल्पविराम वर उचलून त्याची अक्षराला मिशी लावली. कागदावर इतकं बेमालूम दिसायचं, की पुण्याच्या प्रेसवाल्यानं फोन करून विचारलं, "मॅडम, हे अक्षर तुमच्या फाँटात कुठं आहे?" मी म्हणाले, "आहे." कुठं ते सांगितलं नाही.

ही सगळी विद्या खऱ्या अर्थानं कामाला आली ती गुरुजींच्या वेळी.

गुरुजी आणे पठारावरचे. शाळेतून निवृत्त झालेले, पण घर मेंढपाळांचं. त्यांच्या भावाची मेंढरं तेव्हाही होती. दिवाळी झाली की पठारावरून मेंढरं निघतात, माळशेज घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आधी परत येतात. त्या वाटेवरचा एकेक मुक्काम गुरुजींनी वह्यांत उतरवला होता. कुणाच्या शेतात मेंढरांचा वाडा बसवायचा, पाणी कुठं, कुठल्या झाडाचा पाला मेंढीला बाधतो, कुठल्या मुक्कामाला कुणाची आई बाळंत झाली, कुठं कोण गेलं आणि तिथं कुठला देव मांडला. त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं, चुलत्यांनी सांगितलेलं. अशा अकरा वह्या. बाजाराच्या दिवशी एसटीनं यायचे, माझ्या शेजारी स्टूलावर बसून वाचायचे आणि मी टाइप करायचे. चार वर्षं हे चाललं. मुक्कामांची नावं अशी की निम्मी माझ्या बनवलेल्या अक्षरांशिवाय उमटायचीच नाहीत.

एक वही पुरी झाली, प्रूफ तपासून झालं, की गुरुजी वही आणि प्रूफाचे कागद पिशवीत भरायचे आणि मांडवी नदीत सोडून यायचे. पहिल्यांदा मी विचारलं, "अहो गुरुजी, वही कशाला बुडवता?"

"देवांची नावं हायती तिच्यात. वाडवडलांची हायती," ते म्हणाले. "आता कॉम्प्युटरात उतरलं ना समदं? मग कागूद रद्दीत जाऊन कुनी त्यात भजी बांदून देन्यापरीस पान्यात गेलेला बरा."

आमच्या घरी असलं काही करत नाहीत. पण एकदा मी त्यांच्याबरोबर पुलापर्यंत गेले. त्यांनी चपला काढल्या, वही पाण्यात सोडली, हात जोडले. मला वाटलं, केवढा हा माझ्यावर विश्वास! निदान दहाव्या-अकराव्या वहीला तरी मी त्यांना थांबवायला हवं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तो विश्वास मला हवाहवासा वाटत होता. त्या दिवशी फुलून गेल्यासारखी मी घरी आले होते.

अकरावी वही बुडाली आणि वर्षाच्या आत धाकटी आली.

ती निरगुडसरची. मंचरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली. दिसायला साधी, बोलायला गोड, कामाला वाघ. एक जरी खोड असती तर मला बरं वाटलं असतं. दुकानात दुसरा कॉम्प्युटर आला, तिच्यासाठी. पोरं तिच्याकडं निकाल बघायला यायची, ऑनलाइन फॉर्म भरायला यायची. माझ्याकडं म्हातारी माणसं दहाव्याची कार्डं घेऊन यायची. एके दिवशी एक बाई दारात उभी राहून म्हणाली, "धाकट्या ताई न्हाईत का? मग मी नंतर येते." मी तिथंच बसलेली, दोन हातांवर! त्या दिवशी घरी मी भाकरी करपवल्या आणि सगळ्यांना त्याच वाढल्या.

तिच्या कॉम्प्युटरवरचं मराठी वेगळं होतं. ती म्हणायची, "ताई, ह्याला युनिकोड म्हणतात. ह्यात प्रत्येक मराठी अक्षराला सोताचा नंबर हाय. कुनाची उसनी जागा न्हाई. कुठल्याबी कॉम्प्युटरवर मराठीच दिसनार." मी म्हणायचे, "छापून बघ एकदा. कसलं बेढब दिसतंय." आणि खरंच बेढब दिसायचं. तेवढाच मला आधार होता.

मग दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात वळवाच्या आधी वीज पडली. स्टँडमागच्या लिंबावर. दुकानातला फोन गेला, ट्यूब गेली आणि माझ्या कॉम्प्युटरच्या मागं बसवलेलं लॉक गेलं. काडेपेटीएवढी ती वस्तू. ती जागेवर असेल तरच माझा मराठी फाँट चालायचा, कुणी फुकट वापरू नये म्हणून कंपनीनं केलेली सोय. कंपनीला फोन लावला, आठवडाभर लावला. फोन कुणी उचलेना. हे पुण्याला जाऊन आले, तर त्या जागी आता चपलांचं दुकान. नारायणगावच्या दुकानात दुसऱ्या कंपनीचा फाँट होता, त्याचे नंबर वेगळे.

माझ्या फायली उघडल्या तर पडद्यावर सगळे टोपीवाले. दहा वर्षांच्या पत्रिका, अहवाल, सगळं गेलं तरी चाललं असतं, ती लग्नं लागून गेली होती. पण गुरुजींच्या अकरा वह्या त्याच टोप्याटिंबांत होत्या. आणि त्यांचे कागद नदीत होते.

गुरुजी पुढच्या बाजाराला आले. मी पडदा त्यांच्याकडं वळवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ही कुठली भाषा म्हनायची?" त्यांनी विचारलं. मागून धाकटी म्हणाली, "गुरुजी, मी करून बघते. छोटा प्रोग्राम लिहिते, स्क्रिप्ट म्हनतात त्याला. एका नंबराच्या जागी दुसरा नंबर टाकायचा, एवढंच तर हाय." गुरुजी वळून तिच्याकडं बघायला लागले. त्यांचं स्टूल चार वर्षं माझ्या कॉम्प्युटरपाशी होतं. त्यांनी ते उचललं आणि तिच्या कॉम्प्युटरपाशी नेऊन ठेवलं.

धाकटीनं तक्ता करायला घेतला. डावीकडं टोपीवाला, उजवीकडं मराठी. जुनी छापलेली पत्रिका समोर ठेवायची, तिची फाइल उघडायची आणि ताडून बघायचं. काळ्या खिडकीत ती काहीतरी लिहायची, एंटर मारायची, चुकायची, पुन्हा लिहायची. पहिली वेलांटी आमच्या फाँटात अक्षराच्या आधी मारायची आणि तिच्या युनिकोडमध्ये नंतर, तेवढ्या अदलाबदलीवर तिनं आठवडा घातला. मी माझ्या जागेवरून बघत होते. मदत मागितली असती तर केली असती, असं मी मनाला सांगत होते.

एके दिवशी तिनं सगळी फाइल चालवली आणि पानभर नुसती प्रश्नचिन्हं आली. एका शब्दाचाही पत्ता नाही. काय सांगू, इतकं बरं वाटलं मला! माहेरचं माणूस आल्यासारखं वाटलं. मी मुद्दाम चहा मागवला. "गेलं का सगळं?" मी विचारलं, जेवढं हळहळून विचारता येईल तेवढं. ती म्हणाली, "न्हाई ओ ताई. साठवताना चुकीच्या पद्धतीत साठवलं, म्हनून त्याला अक्षरं कळंनात. मूळ फाइल मी वेगळी ठिवलीय." आणि माझा चहा पिऊन पुन्हा कामाला लागली.

महिन्याभरात तिच्या तक्त्यात बहुतेक सगळी अक्षरं बसली. उरली तेवीस. त्या जागी मराठीच्या मधेच टोप्या, टिंबं, सुटे तुकडे, स्वल्पविराम असं काहीबाही यायचं. नेमकं मुक्कामांच्या नावांत. देवांच्या नावांत. ती कागद घेऊन माझ्याकडं आली.

"ताई, ही तेवीस अक्षरं फाँटातली न्हाईत. ही तुमी बनवल्याली दिसतात. कशी बनवली व्हती?"

मी कागदाकडं बघितलं. एकूण एक ओळखीचं. कुठलं अक्षर कुठल्या दिवशी बनवलं, तेव्हा गुरुजी स्टूलावर बसून काय म्हणाले, तेसुद्धा आठवत होतं. मी कागद परत दिला आणि म्हणाले, "एवढं कुठं लक्षात राहतं? नाही आठवत आता."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. पुन्हा विचारलं नाही.

मला कुणी दुष्ट म्हटलं तर म्हणू दे. तेवीस अक्षरं सोडली तर माझं म्हणून आता त्या दुकानात काही नव्हतं. खुर्ची होती, पण तिच्यासमोरचा कॉम्प्युटर मुका होता. स्टूल तिकडं गेलं होतं. बाया दारातून परत जात होत्या. एकदा ती अक्षरं दिली की संपलं. मी रोज ठरवायचे उद्या सांगू, आणि रोज तिचा तो हसरा चेहरा बघून माझं ठरलेलं मोडायचं.

श्रावणात तिच्या आईला बरं नव्हतं म्हणून धाकटी निरगुडसरला गेली. बाजाराचा दिवस होता. गुरुजी आले. पायरी चढायला त्यांना खांबाला धरावं लागलं.

"झालं का न्हाई काम?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत? धाकटीला विचारा. ती माहेरी गेलीय."

ते माझ्याजवळच्या बाकावर बसले. पिशवीतून एक वही काढली, नवी कोरी, शाळेतल्या पोरांची असते तसली. म्हणाले, "म्हनलं घरी बसून काय करायचं? आठवंल तसं पुन्यांदा लिव्हायला घेतलं. भावाला इचारलं, त्यो म्हनतो मला वाट म्हाईत हाय, नावं न्हाई. लई डोकं खाजावलं, पन दुसऱ्या मुक्कामाच्या म्होरं जाईना." त्यांनी वही माझ्यासमोर उघडली. दीड पान भरलं होतं. अक्षर थरथरलेलं. दुसऱ्या मुक्कामाचं नाव तीनदा लिहून तीनदा खोडलं होतं. "ह्ये तरी बरूबर हाय का? तू टाइप क्येलं व्हतं, तुला म्हाईत आसंल."

बरोबर नव्हतं. ते पाचव्या मुक्कामाचं नाव होतं.

मी त्यांना म्हणाले, "गुरुजी, वही राहू द्या माझ्याकडं. बघून ठेवते." ते गेले. त्यांची एसटी लागेपर्यंत मी तशीच बसून होते. मग उठून धाकटीच्या खुर्चीवर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच बसले तिच्या खुर्चीवर. तिचा कॉम्प्युटर चालू केला आणि ती स्क्रिप्टची फाइल शोधून उघडली.

लांबलचक तक्ता होता. एकेका ओळीत एक टोपीवाला आणि त्याच्यासमोर आपलं अक्षर. मधेच काही ओळींच्या आधी हॅशचं चिन्ह होतं. ती ओळ मशीन वाचत नाही, माणसासाठी असते, एवढं मला तिच्याकडं बघून बघून माहीत झालं होतं. खाली शेवटी तेवीस ओळी होत्या. डावीकडं माझे तुकडे, उजवीकडं रिकामं, आणि प्रत्येक ओळीच्या वर तेच तेच लिहिलेलं:

# ताईंचं अक्षर. आठवलं की सांगतील.

तेवीस वेळा.

मला तिचा राग आला. खोटं कशाला सांगू, आधी रागच आला. माझं खोटं तिला कळलं होतं की खरंच वाटलं होतं, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. कळलं असेल तर एवढं गोड लिहायची काय गरज होती? नसेल कळलं तर तिच्याइतकं भाबडं मला का नाही होता येत? दोन्हीकडून ती माझ्यापुढंच. मग रडू आलं आणि मी शटर अर्धं ओढून घेतलं.

मग कामाला लागले. गंमत म्हणजे अक्षर ओळखीचं, पण कुठले तुकडे कसे जोडले ते डोक्याला आठवेना, बोटांना आठवत होतं. माझ्या मुक्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड काढून मांडीवर घेतला. डोळे मिटून मुक्कामाचं नाव मारायचं, बोटं कुठं जातात ते बघायचं आणि मग तिच्या ओळीसमोर दोन बोटांनी, इंग्रजी बटणं दाबून, ते अक्षर लिहायचं. एक लिहून झालं की वरची ओळ पुसायची. तेवीस वेळा मी 'ताईंचं अक्षर' माझ्या हातानं पुसलं. शेवटची ओळ पुसायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

धाकटी आली, तिनं फाइल उघडली, खालपर्यंत बघितली. माझ्याकडं वळून फक्त "आठवलं का ताई?" म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

तिनं एंटर मारलं. माझी चार वर्षं, गुरुजींच्या अकरा वह्या, मी घोटभर पाणी पिऊन पेला खाली ठेवला तोवर झाल्या होत्या.

पुढच्या बाजाराला गुरुजी आले. धाकटीनं पडद्यावर अक्षर मोठं करून दिलं. ते एकेक नाव बोट ठेवून वाचायला लागले. पाचव्या मुक्कामाला थांबले. "ह्यो पाचवा व्हय! मी येड्यावानी दुसऱ्यात घालत व्हतो," म्हणाले आणि मोठ्यांदा हसले. पुढं वाचता वाचता त्यांच्या बहिणीचं नाव आलं. ती लहानपणी ज्या मुक्कामावर वारली, तो मुक्काम. त्यांनी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, तू मान्सं परत आनली माजी."

"मी न्हाई गुरुजी, ताईंनी आनली," ती म्हणाली. "त्यांना आठवलं म्हनून झालं."

गुरुजींनी मान डोलावली, पण हात तिच्या डोक्यावरून काढला नाही. तिला ते वाक्य किती सहज देऊन टाकता आलं! त्याचाही मला हेवा वाटला. मी तिच्या जागी असते तर नसतं दिलं. मला माहीत आहे, कारण मी नव्हतं दिलं.

जाताना गुरुजींना आठवण झाली. "अगं, ती माजी नवी वही? आन हिकडं. जाता जाता नदीत सोडतो. दीड पान का व्हईना, नावं हायती तिच्यात."

मी म्हणाले, "घरी राहिली, गुरुजी. पुढच्या बाजाराला देते."

पुढच्या बाजाराला मी काहीतरी दुसरं सांगितलं, आणि नंतर त्यांनी विचारणं सोडलं. वही घरी नव्हतीच. माझ्या टेबलाच्या खणात होती, कुलूप लावून. स्क्रिप्ट तिची आहे, युनिकोड तिचं आहे, ती तेवीस अक्षरंही आता सगळ्यांची आहेत. पण गुरुजींच्या हातचा अकरा वह्यांतला एक कागद जगात उरला नाही, उरलं ते हे दीड पान. दुसऱ्या मुक्कामाचं नाव तीनदा खोडलेलं, आणि ते चुकलंय हे फक्त मला कळलं होतं.

धाकटीला ती वही मी अजून दाखवलेली नाही.